चालू वर्षाची आत्मिक वाढ

प्रत्येक मंडळीत एक तरी माणूस असा सापडतोच, ज्याची आत्मिक वाढ चालू असते. बाकीच्यांची होत असेल, नसेल, कुणी बघायला जात नाही. याची मात्र रस्त्याच्या कामासारखी चालू असते: फलक लावलेला, धूळ सगळ्यांच्या नाकात आणि काम पुरं होण्याची तारीख दरवर्षी पुढे. आमच्या नगरच्या ख्रिस्ती वस्तीत हा मान मामांकडे आहे. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं ते नगरला, आणि आमच्या तोंडून अजून तेच निघतं.) मामा नेमके कुणाचे मामा हे आता कुणालाच आठवत नाही. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात त्यांनी हयात काढली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शन, नातवंडं, बागकाम असं काही धरतात. मामांनी लाल कापडी पाठीचं दोनशे पानी लाँगबुक आणलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'आत्मिक वाढ, चालू वर्ष' असं लिहिलं आणि पट्टीनं रकाने आखले: पहाटेची प्रार्थना, शास्त्रवाचन, दशांश, राग, निंदा, क्षमा, शेरा.

शास्त्रवाचनाचा रकाना कधी रिकामा नसतो. पवित्र शास्त्राचे एकूण अध्याय 1,189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुस्तक संपतं, वर दहा अध्यायांची सवड उरते. हे गणित पुष्कळांनी केलंय आणि फेब्रुवारीत लेवीयच्या पुस्तकापाशी सोडूनही दिलंय. कारण तिथं बळीच्या चरबीचं काय करायचं, अंगावरचे चट्टे कुणाला दाखवायचे, घराच्या भिंतीला डाग पडला तर दगड कुठं टाकायचे, असलेच नियम लागतात. मामा लेवीयात रमतात. "काय परिपत्रक काढलंय!" म्हणून मान डोलावतात. पहिल्या इतिहासाचे आरंभीचे नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं. ते एप्रिलच्या मध्यावर येतात आणि मामा ते हजेरीच्या सुरात, मोठ्यानं वाचतात. जूनअखेर 176 वचनांचं 119 वं स्तोत्र येतं. त्या रात्री मामी जेवणं लवकर उरकून घेतात.

मामींकडे त्यांच्या आजीचं बायबल आहे, पंडिता रमाबाईंनी मराठीत आणलेलं. आजी लहानपणी दुष्काळात रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आली आणि तिथंच वाढली. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि सबंध पुस्तक मुक्तीच्या छापखान्यातून 1924 साली बाहेर पडलं. त्याची पानं आता हात लावला की कोपऱ्यात तुटतात, त्यामुळे मामी ते जपून आणि सावकाश वाचतात. मामांनी एकदा तपासणी केली.

"आज किती अध्याय?"

"अर्धा."

"अर्धा?"

"त्या अर्ध्यातच अडकले."

मामांनी शेऱ्यात 'अपूर्ण' लिहिलं.

दशांशाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा, इथवर मामांचा वाद नाही. पण निवृत्तिवेतनाचं अंशराशीकरण झालं असेल तर दहावा भाग मूळ रकमेवर धरायचा की हातात पडणाऱ्या? महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली ती कुठल्या वर्षाच्या आशीर्वादात मोजायची? हे सगळं त्यांनी लेखी स्वरूपात पाळकसाहेबांकडे दिलं. पाळकसाहेब गरीब स्वभावाचे. ते म्हणाले, "मामा, मन सांगेल तसं द्या." मामा हिरमुसले. मन हे सक्षम प्राधिकारी नव्हे, असं त्यांचं मत पडलं.

क्षमेचा रकाना मात्र बघण्यासारखा आहे. सत्तर गुणिले सात म्हणजे 490 वेळा क्षमा, हा आकडा शास्त्रातला. तो मोजू नये म्हणूनच सांगितलाय असं पाळकसाहेब दर वर्षी उपदेशात सांगतात. पण अर्थ विभागात आकडा दिला की तो मोजायचा असतो. मामांच्या लाँगबुकात स्वतंत्र खातं आहे ते पेटीवाल्याचं. हा गृहस्थ दर रविवारी उपासना संगीतातलं पहिलंच गीत एक पट्टी चढवून धरतो. दुसऱ्या कडव्यात मामांचा आवाज फाटतो आणि बायकांच्या बाजूनं खोकल्याची साथ येते. मामा घरी येऊन त्याला क्षमा करतात, एक रेघ मारतात. आठवड्याला एक या दरानं तरतूद नऊ-साडेनऊ वर्षं पुरेल. लग्नसराई धरलेली नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मनात कुणाविषयी अढी ठेवून तिथं जाऊ नये, म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी मामा फेरीवर निघतात. दारात उभे राहतात, "सलाम" म्हणतात, आणि सांगतात, "मी तुम्हाला माफ केलंय."

समोरचा गोंधळतो. "कशाबद्दल?"

मग मामा कशाबद्दल ते सांगतात. तोवर त्या माणसाला आपण काही केल्याचा पत्ताही नसतो. सविस्तर ऐकल्यावर तो भडकतो, मामांनी मागं काय काय केलं ते बाहेर काढतो, आणि रविवारी दोघं दोन टोकांच्या बाकांवर बसतात. आमच्या मंडळीतली निम्मी भांडणं मामांच्या क्षमेतून उगवलेली आहेत, असं मला वाटतं.

निंदेच्या रकान्यात मात्र बहुतेक शून्यच असतं. याचं कारण बुधवारची घरोघरची प्रार्थनासभा. तिथं प्रार्थनाविनंत्या विचारल्या की मामा घसा खाकरतात. "एका कुटुंबासाठी प्रार्थना करायची आहे. नाव घेत नाही. वडील पोस्टात होते, मुलगी पुण्याला नोकरीला, घर पाण्याच्या टाकीशेजारी." एवढं झालं की सगळे डोळे मिटतात, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या आत सगळ्यांना ती मुलगी दिसते. नाव घेतलं नाही, म्हणजे निंदा झाली नाही. पुढे प्रार्थनेत मामा देवालाही तपशील पुरवतात: "प्रभू, तुला ठाऊकच आहे, की तारकपूर स्टँडमागच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर..." ठाऊकच असेल तर मजला कशाला सांगायचा, हा प्रश्न मंडळीत कुणी काढत नाही. पत्ता अपुरा असला की प्रकरण परत येतं, हे मामांनी उभ्या नोकरीत पाहिलंय.

एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत वर्षभरासाठी वचनाची चिठ्ठी उचलायची पद्धत आहे. गेल्या खेपेला मामांच्या हाती निर्गम चौदा-चौदा आलं. देव लढेल, तुम्ही गप्प राहा, अशा आशयाचं. मामांचं म्हणणं, दोन चिठ्ठ्या चिकटल्या होत्या आणि त्यांची खरी दुसरी होती. मामींनी दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी काचेत बसवून जेवणाच्या टेबलासमोर लावली.

पण मामांची खरी वाढ बघायची (किंवा ऐकायची) तर ती रात्री नवाच्या सुमाराला. आमची घरं मिशनच्या जुन्या ओळीतली. भिंती दोन हात जाड, पण आढ्याखाली मोकळ्या सोडलेल्या, त्यामुळे मामांकडची कुटुंबप्रार्थना आमच्याकडेही होते. एक गीत, एक शास्त्रभाग, मग घरातल्या प्रत्येकाची आळीपाळीनं प्रार्थना. नियम जुने आणि पक्के: डोळे मिटलेले, एकानं एकदाच बोलायचं, दुसऱ्याच्या प्रार्थनेला उत्तर द्यायचं नाही. नवराबायकोच्या भांडणाला इतकी चांगली नियमावली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दिवसभर मामा आणि मामी एकमेकांशी बोलत नसले, तरी रात्री देवाशी दोघांनाही बोलावंच लागतं.

"हे दयाळू परमेश्वरा," मामा सुरू करतात, "या घरात काही जण फोनवर तास तास बोलतात. याकोबाच्या पत्रात जिभेविषयी काय लिहिलंय ते त्यांच्या ध्यानात आणून दे."

थोडी शांतता. मग मामी, अगदी मऊ आवाजात:

"प्रभू, मला एकच बहीण उरली, ती रोज फोन करते, तुझे उपकार. तिचे यजमान तिला कधी टोकत नाहीत. त्यांना दीर्घायुष्य दे. आणि ज्यांनी आज वरणात मीठ नाही म्हणून ताट सरकवलं, त्यांचं ब्लडप्रेशर नीट ठेव, कारण मीठ डॉक्टरांनी बंद केलंय. आमेन."

"आमेन!" सुट्टीवर आलेली नात. तिचा आमेन जरा जास्तच दणदणीत असतो.

मामा पुन्हा तोंड उघडतात. "आणखी एक विनंती..."

"आमेन झाला," मामी म्हणतात.

तेव्हापासून शेवटची प्रार्थना कुणाची, यावर चढाओढ आहे. जो पहिला होऊ पाहतो त्यानं सगळ्यांत शेवटी राहावं, हे मार्काच्या नवव्या अध्यायातलं तत्त्व मामांनी पुढे केलं आणि नम्रतेनं शेवटची जागा मागून घेतली. मामींनी दिली. आता मामी लांबलचक प्रार्थना करतात आणि मामांची पाळी येईस्तोवर मामांचा डोळा लागलेला असतो.

रागाबद्दल बोलणं निघालं की मामा टिळकांचं नाव काढतात. नारायण वामन टिळक म्हणजे आमच्या नगरचं दैवतच. "टिळकसुद्धा रागीट होते. स्मृतिचित्रं वाच. ताडकन उठून घराबाहेर पडायचे."

"टिळक रागावले, पण त्यांनी अभंग लिहिले," मामी म्हणाल्या. "तुम्ही लाँगबुक लिहिता. आणि ख्रिस्तायन टिळकांनी अर्धवट टाकलेलं लक्ष्मीबाईंना पुरं करायला लागलं, तेही वाचा."

रागाचा रकाना मी एकदा बघितला. पूर्वी 'राग, तीन दिवस' अशा नोंदी असायच्या. अलीकडे 'राग, रात्री नऊपर्यंत' अशा आहेत. सूर्य मावळेस्तोवर राग संपवावा असं इफिसकरांच्या पत्रात सांगितलंय. मामांना उन्हाळ्यात दोनेक तासांची मुदतवाढ लागते इतकंच. ही सुधारणा कशानं झाली याचा उल्लेख शेऱ्यात नाही. ज्या माणसावर चिडलोय त्याच्या शेजारी गुडघ्याला गुडघा लावून रोज बसायचं, आणि तो बोलला त्याला आमेन म्हणायचं, याला रकाना नव्हता.

आणि या आमेनमध्येच मामा सापडले.

लाँगबुकात धाकट्या भावाचं पान नव्हतं. भाऊ नेवाशाकडे गावी असतो. वडिलांची जमीन दोघांत वाटली तेव्हापासून बोलणं बंद. भावानं नांगर हातभर अलीकडे घातला, असं मामांचं म्हणणं. बांध पावसानं सरकला, असं भावाचं. मामा एकूण जगाला क्षमा करत सुटले, पण हे खातं त्यांनी उघडलंच नाही. मामी मात्र रोज रात्री प्रार्थनेच्या शेवटी एक वाक्य घालायच्या: "आणि गावाकडच्या भावजींच्या गुडघ्याला आराम दे." पुढे लगेच आमेन. आमेन सगळ्या प्रार्थनेला मिळून एकच असतो, त्याला परंतुक लावता येत नाही. मामांनी सुरुवातीला पुटपुटून पाहिलं. मग खोकून पाहिलं. नात म्हणाली, "आजोबा, तुमचा आमेन ऐकू नाही आला." मग मोठ्यानं म्हणायला लागले.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी मामा लाँगबुक घेऊन आमच्या ओट्यावर आले. चेहरा तपासणी पथक आल्यावर होतो तसा.

"माझ्यावर आक्षेप निघतोय," म्हणाले.

"कुणी काढला?"

"मीच. एका बाबीला रोज मंजुरी देतोय, आणि अदायगी शून्य. इतकी वर्षं! नोकरीत हे केलं असतं तर वेतनवाढ रोखली असती."

दुपारी त्यांनी मेडिकलमधून गुडघ्याचा पट्टा घेतला आणि अर्ध्या तिकिटावर नेवाशाची एसटी पकडली. भावजयीनं चहा ठेवला. भावानं पट्टा उलटसुलट करून पाहिला, किंमत विचारली, महाग घेतला म्हणाला. तासाभरात बांधाचा विषय निघाला. दोघं शेतात जाऊन उभे राहिले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढं भांडले. मामा शेवटच्या एसटीनं परत आले, घसा बसलेला.

लाँगबुक उघडून बराच वेळ बसले. रागात लिहावं तर राग झालाच होता. क्षमेत लिहावं तर ती कुणी कुणाला केली नव्हती. मामींना विचारलं, त्या म्हणाल्या, "जेवून घ्या आधी." शेवटी सरकारी कामात कुठंच न बसणाऱ्या खर्चासाठी जे शीर्ष असतं ते त्यांना आठवलं. शेऱ्याच्या शेजारी अरुंद जागा होती, तिथं पट्टीनं नवा रकाना आखून त्यांनी मथळा दिला, 'सादिलवार', आणि खाली लिहिलं: गुडघ्याचा पट्टा एक, एसटी भाडं जाऊन-येऊन.

आठवड्यानं भावाचा फोन आला. इतक्या वर्षांतला पहिला. पट्टा लहान पडतो, म्हणाला, एक नंबर मोठा आण. आणि येताना मोजणीच्या जुन्या नकाशाची झेरॉक्स पण आण, म्हणजे तुला दाखवतो बांध कुठं होता ते.

मामा रात्री नवापर्यंत धुमसत होते. मामींनी प्रार्थनेत भावजींचा गुडघा घेतला आणि या खेपेला त्यात पट्ट्याचं मापही घातलं. मामांनी आमेन म्हटलं आणि डोळे उघडायच्या आत मामींना विचारलं, "सकाळची पहिली गाडी किती वाजता असते गं?"