मांडवातला तलाठी

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या, आणि म्हणून ‘दक्षिणकाशी’ ही पदवी मोठ्या दिमाखाने मिरविणाऱ्या आमच्या प्रकाशा गावात केदारेश्वराचा रस्ता विचारण्याची वेळ भाविकावर सहसा येत नाही, कारण त्याने तोंड उघडण्यापूर्वीच चार जण तो सांगावयास धावतात. तथापि पुण्यास संगणकविद्या संपादून आलेल्या माझ्या भाच्याने या लोकसेवेसाठी एक ॲप सिद्ध केले. पडदे शेंदरी रंगविले, बटणांवर बेलपत्रे काढली, कोपऱ्यात नंदी बसविला; आणि ॲपने भाविकाचे ठिकाण जाणण्याची अनुज्ञा मागताच या सर्व शोभेच्या मध्यभागी एक करडी, निर्विकार चौकट येऊन उभी राहिली.

“मामा, लग्नाच्या मांडवात तलाठी पंचनाम्याला येऊन बसावा, तसं दिसतंय हे!” तो व्याकुळ होऊन म्हणाला.

त्या तलाठ्यास सजविण्याचे त्याचे सर्व यत्न विफल झाले. आयफोनच्या दरबारात पट्ट्यांचे नि बटणांचे रंग एकजात बदलण्याची मुभा २०११ पासून आहे खरी. परंतु पत्रलेखनाच्या तयार पडद्याच्या अंतरंगात ढवळाढवळ करण्यास सक्त मज्जाव, आणि २०२० साली आलेला छायाचित्रे निवडण्याचा पडदा तर ॲपच्या हद्दीबाहेरच नांदतो व निवडलेली तेवढीच छायाचित्रे त्याच्या स्वाधीन करतो. अनुज्ञेच्या चौकटीत मागणीचे कारण नमूद करावे, एवढाच काय तो ॲपचा अधिकार; अँड्रॉइडच्या चौकटीत तेवढाही नाही.

हे कारण लिहिण्याचा मान घरातील साहित्यिक या नात्याने मजकडे आला. ‘ज्याअर्थी’ने आरंभ होऊन, तापीच्या माहात्म्यास सावकाश वळसा घालून ‘त्याअर्थी’पाशी विसावणारे एक भारदस्त वाक्य मी रचून दिले. भाच्याने ते आदरपूर्वक वाचले आणि ‘जवळचा घाट दाखवण्यासाठी’ एवढेच ठेवले.

एवढे होऊनही त्या चौकटीच्या रूक्षपणाचा मी पक्षपाती आहे. अँड्रॉइडमध्ये पूर्वी सर्व अनुज्ञा एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्या प्रसंगानुसार एकेक विचारल्या जाऊ लागल्या, आणि चौकटीवर दुसऱ्या एखाद्या ॲपने आपला पडदा ओढल्याचा संशय आला, तर दिलेला होकारही नामंजूर होई. ही सावधगिरी अनाठायी नव्हे. कारण चौकट रंगविण्याचा परवाना सर्वांस मिळाला असता, तर ‘नाही’चे बटण बेलपत्राखाली झाकणारा पहिला चतुर पुरुष आमच्याच आळीत निपजला असता. यजमान कितीही हौशी असो. तलाठ्यानेच बाशिंग बांधले, तर त्याच्या पंचनाम्यास विचारतो कोण?