आंबा आमचा, व्हिडिओ त्यांचा

"पाह्यलं का वं?" काकूंनी भिंतीवरून मोबाइल पार माझ्या नाकाशी आणला. "त्याहीच्या घराचा व्हिडिओ आला. अन् त्यात सारा माहाच आंबा!"

त्याहीच्या म्हणजे कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या. मास्तर गेले, बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि आता घर विकायला निघालंय. ह्यात नवल काही नाही. वर्ध्यातल्या जुन्या वस्त्यांमध्ये कुलपं वाढलीत आणि त्यांच्या किल्ल्या पुण्याला, हैदराबादला. नवल हे, की मुलानं फाटकाला 'घर विकणे आहे'ची पाटी न लावता नागपूरहून व्हिडिओवाले बोलावले.

शूटिंग कसं झालं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण निम्मं घर त्या दिवशी माझ्याच व्हरांड्यात होतं. पोरांनी आधी सगळं रिकामं केलं. मोरीतली बादली, झाडू, गॅसचं सिलिंडर, भिंतीवरचं कॅलेंडर, मास्तरांची काठी. मग भरायला घेतलं. माझी पितळी समई त्यांच्या बैठकीत गेली, काकूंच्या दोन कुंड्या त्यांच्या जिन्यावर चढल्या, आणि सोफ्यावर कुठल्याशा पिवळ्या उशा आल्या, ज्या मास्तरांनी जन्मात घेऊ दिल्या नसत्या. भर दुपारी घरातले झाडून सगळे दिवे लावले. कॅमेरा एका दांडीवर असा बसवलेला, की पोरगा जिना चढला तरी चित्र डुलत नाही. तरीही तो गुडघे वाकवून, मांजरासारखा पाऊल टाकत चालत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, मशीन हादरा खाते, पण पाय आपटले तर तीही कंटाळते."

मग ड्रोन. तो वर गेला, मास्तरांच्या गच्चीभोवती गिरकी मारली आणि काकूंच्या आंब्यावर जो स्थिरावला तो हलेचना. मास्तरांच्या आवारात आता झाड म्हणून नाही. एक शेवगा होता, तोही गाडीला जागा हवी म्हणून तोडला आणि वर फरश्या टाकल्या. त्यामुळे व्हिडिओत 'हिरव्यागार निसर्गाच्या कुशीत' ही अक्षरं उमटतात ती नेमकी काकूंच्या आंब्यावर. शेजारी माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या मुंगवड्या होत्या, त्या मात्र कापल्या.

काकू गणिताच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, तपासणं सुटलं नाही. त्यांनी त्या पोराला तिथंच धरलं होतं, उडवायचं लायसन आहे का म्हणून. तो म्हणाला, हा अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. काकूंनी रात्री नातवाला फोन करून खातरी केली. २०२१ च्या ड्रोन नियमांत खरंच तसं आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा तो 'नॅनो'. "पण मनावं, पुलगावच्या डेपोकडं जाऊन उडव एकडाव," काकू म्हणाल्या. "मंग समजते हलकं का जड ते." दारूगोळ्याच्या भांडाराजवळ ड्रोनचं वजन कोणी विचारत बसत नाही, हे खरंच.

तर व्हिडिओ आला त्या दिवशी आम्ही दोघी भिंतीला टेकून तो पाहत होतो. मागे बासरी. 'भव्य हॉल' असं आलं आणि काकूंनी बोट ठेवून चित्र थांबवलं.

"मोज."

"काय मोजू?"

"फरशी वं. पोराच्या लग्नात बसवली होती ना, दोन बाय दोनची? लांबीत किती दिसून राहिल्या?"

मी मोजल्या. लांबीत सहा, रुंदीत पाच.

"म्हणजे बारा बाय दहा. माहाही हॉल तेवढाच हाय. एकाच ठेकेदाराचे घरं हायेत दोन्ही. मले आजवर कोणी भव्य नाही म्हटलं."

नंतर त्यांनी मला सगळी युक्ती शिकवली. फरशी दिसत नसेल तर पंखा बघायचा. घरातला नेहमीचा पंखा अट्ठेचाळीस इंची, म्हणजे पात्याच्या टोकापासून टोकापर्यंत चार फूट. दार साधारण सात फूट उंच. पलंग सव्वासहा-साडेसहा फूट. खोलीत ह्यातलं एक तरी असतंच. आणि चित्राच्या कडेला असलेली चौकोनी फरशी लांबट दिसू लागली, गोल घड्याळ अंड्यासारखं झालं, की समजायचं, भिंग रुंद कोनाचं आहे. ते कडा ताणतं, समोरची भिंत लांब ढकलतं. बारा फुटांची खोली सहज अठराची वाटते.

इथं मी त्या पोराची बाजू घेतली. बारा बाय दहाच्या खोलीत साध्या भिंगानं काय दिसणार? पाठ भिंतीला टेकवली तरी समोर फक्त टीव्ही आणि अर्धा सोफा. सगळी खोली एका नजरेत दाखवायची तर रुंद भिंगाशिवाय गत्यंतर नाही. त्यानं भिंग लावलं ह्यात लबाडी नाही. लबाडी त्या 'भव्य'मध्ये आहे. खाली बारा बाय दहा लिहिलं असतं तर कोणाची फसगत झाली असती? काकू म्हणाल्या, "तसं लिहिलं तं पाहीन कोण?" हाही मुद्दा होताच.

खरं तर हा व्हिडिओ त्या मानानं सोज्वळ. लेआउटवाल्यांचे रील बघा. काकूंच्या पुतण्यानं मागे एक पाठवलं होतं. शेत, शेतात चुन्याच्या रेघा, वरून ड्रोन, आणि चित्राच्या टोकाला चमकणारा समृद्धी महामार्ग. 'समृद्धीला लागून' म्हणे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, तेव्हापासून जिल्ह्यात जो तो समृद्धीला लागूनच. अहो, पण तो रस्ता दिसला म्हणून त्यावर जाता येत नाही! दोन्हीकडून कुंपण आहे. चढायचं तर येळाकेळीला जा, नाहीतर विरूळला. आणि पुतण्याकडे आहे मोटारसायकल; समृद्धीवर दुचाकीला मुळात बंदीच. "मंग का कुंपणाशी बसून गाड्या मोजशीन का?" असं काकूंनी त्याला विचारलं, तेव्हा तो चार दिवस फुगून होता. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, तर आता देवळीकडच्या रीलमध्ये शिट्टी ऐकू येते.

ह्या लेआउटवाल्यांना निदान कायद्याची वेसण आहे. पाचशे चौरस मीटरवरचं लेआउट असेल तर महारेराची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही, मग ती पेपरात असो की मोबाइलवर. नोंदणी क्रमांक छापावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून त्यासोबत क्यूआर कोडही. तो कोड मोबाइलनं टिपला की प्रकल्पाची सगळी कुंडली उघडते. रेरा कायद्याचं बारावं कलम तर फारच कामाचं: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर भिस्त ठेवून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, व्यवहारच नको असेल तर पैसे व्याजासकट परत. म्हणून असले व्हिडिओ आवडोत न आवडोत, मोबाइलमध्ये जपून ठेवावेत. पुतण्याच्या रीलमध्ये क्रमांकही नव्हता आणि कोडही. काकूंनी तेवढ्यावरच विषय संपवला.

मास्तरांच्या घराला मात्र रेरा नाही. एका माणसानं आपलं राहतं जुनं घर दुसऱ्याला विकायचं, तिथं घेणाऱ्यानंच डोळे उघडे ठेवायचे. आणि त्या घरात पाहण्यासारखं जे आहे ते व्हिडिओत नाही. मागच्या बेडरूमच्या खिडकीपासून खाली तिरपी गेलेली एक भेग आहे. आमच्या सगळ्यांकडे तिची बहीण आहे. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्यासोबत वर्षातून दोनदा उठाबशा काढतं. मे महिन्यात त्या भेगेत बोट जाईल एवढी ती उघडते. दिवाळीला गेलात तर रेघ दिसते. मास्तर दर वर्षी ती बुजवायचे. शूटिंगच्या आधी पुट्टी आणि रंग झाला, आणि शूटिंग केलं फेब्रुवारीत. भेग काही घर पाडणार नाही, पण घेणाऱ्याला सांगायला नको का?

तसाच पश्चिमेचा प्रश्न. व्हिडिओत त्या खोलीत सोनेरी ऊन येतं, फार सुंदर दिसतं. तेच ऊन मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की, रात्री अकरापर्यंत भिंतीतून बाहेर पडत असतं. त्या खोलीत मास्तरांचा कूलर सकाळ व्हायच्या आत दोनदा भरावा लागे.

"गांधीजी सेगावले, म्हंजे आताच्या सेवाग्रामले, राहाले आले ते एप्रिलच्या शेवटी," काकू मध्येच म्हणाल्या. "छत्तीस साली. ऐन तपनीत." शिक्षिकेचं असं असतं, कुठूनही धडा निघतो. पण खरं आहे. बापूकुटीत मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली उतरत आलेली पडवी. भर दुपारी आत बसलं की बाहेरचा वैशाख विसरायला होतो. ह्या घराचा व्हिडिओ करायला आमच्या नागपूरच्या पोराला बोलावलं तर बिचारा रडेल. भव्य म्हणावं असं काहीच नाही, चमकणारं तर त्याहून नाही. आणि तरी इव्हान इलिचसारखा विचारवंत १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आला, त्या कुटीत बसून राहिला आणि नंतर भाषण केलं ते तिच्यावरच. सामानसुमान जितकं वाढतं तितका माणूस त्याच्यावर टेकून पांगळा होतो, असा त्याचा रोख होता. पिवळ्या उशांविषयी त्याचं काय मत पडलं असतं कोण जाणे.

पण व्हिडिओला नावं ठेवून मी थांबणार नाही, कारण त्यानं काम केलं. हैदराबादला नोकरी करणारे एक मूळचे आर्वीचे गृहस्थ आहेत, निवृत्तीनंतर इकडे यायचं म्हणतात. त्यांना तो व्हिडिओ दिसला म्हणून तर घर दिसलं. फाटकावरची पाटी हैदराबादहून कशी दिसणार होती? ते येऊन गेले तेव्हा काकू योगायोगानं भिंतीशीच होत्या. (योगायोग रोजचा आहे.) त्यांनी विचारलेले प्रश्न मला काकूंकडून जसेच्या तसे मिळाले: नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, विहिरीला मे महिन्यात काय असतं, आणि पावसाळ्यात समोरच्या नालीचं पाणी कुठवर चढतं. जाताना म्हणाले, "कोणी मला नळ सोडून त्याचा व्हिडिओ पाठवेल का? थांबवायचा नाही, मध्ये कापायचा नाही." काकूंनी दुसऱ्या दिवशी पाठवला. अकरा मिनिटांचा. त्यात बादली आहे, धार आहे, काकूंचा अंगठा आहे आणि मागून माझा आवाज आहे, "काकू, गोरसपाक संपला का हो?"

पुण्याला हे कळलं तर मुलगा रागावेल, असं मी म्हटलं.

"तो कायचा रागावते," काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे खरी बातमी आता. "अमरावतीहून फोन आला होता काल."

अमरावतीला मास्तरांची मुलगी. मास्तरांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बाई, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. आखीव पत्रिकेवर तिघांची नावं चढल्याशिवाय आणि तिघांच्या सह्यांशिवाय विक्री कशी होणार? अख्ख्या व्हिडिओत घराच्या मालकीविषयी एकच वाक्य आहे, 'टायटल क्लिअर', तेही बासरीच्या सुरात.

"तिले घर विकाले काढलं हे माहीतच नव्हतं वं," काकू म्हणाल्या. "तिच्या भिशीच्या ग्रुपवर कोणीतरी तो व्हिडिओ टाकला. पाहून राहिली तं का, आपलंच घर!"

"मग? भावाला विचारलं का तिनं?"

"विचारलं ना. तो म्हणे, ताई, तुले सांगणारच होतो."

"कधी?"

"तेच तिनंही विचारलं. रजिस्ट्रीच्या दिवशी का, म्हणे."