बस दिसते, पैसा डिक्कीत

"ऐकलं का वं वहिनी? आमच्या नातवाले बस घ्याची हाय म्हने. एक घेईन, मंग चार करीन, घरचीच कंपनी काढीन."

आक्का कंपाउंडच्या भिंतीला रेलल्या की अर्ध्या तासाची निश्चिंती. नातू पुण्याहून शिकून आलेला. नोकरी नको, केळीच्या बागेत राबायचं नाही. रोज रात्री रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ करत स्लीपर गाड्या पुण्याला जातात, मग त्यात आपली एक का नसावी, एवढा सरळ हिशेब.

"पण हे खूळ शिरलं कुठून?"

"शिनेमातून! हुबळीच्या कोन्या शेठचा शिनेमा मोबाइलवर पाह्यला न् तवापासून झोप नाही त्याले."

म्हणजे 'विजयानंद'. २०२२चा कन्नड सिनेमा, हिंदीतही आला होता. व्हीआरएल या वाहतूक कंपनीच्या विजय संकेश्वरांवरचा.

"आक्का, नातवाने गोष्ट अर्धीच ऐकलेली दिसते. संकेश्वरांच्या घरात गाड्यांचा धंदा नव्हताच. गदगला छापखाना, पुस्तकांचा व्यवहार, कन्नड शब्दकोश छापायचे. विजयरावांनी १९७६ मध्ये एक ट्रक घेतला. वडलांना ते अजिबात पसंत नव्हतं."

"कसं राहीन? बसल्या जागचा धंदा सोडून पोऱ्या डायवर-क्लीनरच्या मांगे फिरला, तर कोन्या बापाले बरं वाटंन?"

"पहिली वर्षं ओढगस्तीचीच गेली. १९७८ मध्ये हुबळीला बस्तान हलवलं, १९८३ मध्ये कंपनी नोंदवली. आणि बस कधी आली ठाऊक आहे? १९९६ मध्ये. ट्रकनंतर वीस वर्षांनी!"

"वीस वरसं? अन् आमच्या राजाले पयल्या दिवशीच एसी स्लीपर पाह्यजे!"

"त्या वीस वर्षांत त्यांनी सुट्या मालाचं जाळं विणलं. एकाची कापडाची गाठ, दुसऱ्याची औषधांची खोकी. एकट्याच्या मालाने ट्रक भरत नाही, पण पन्नास जणांच्या मालाने भरतो. गोदामं झाली, गावोगाव माणसं झाली, हुबळीजवळ वरूरला स्वतःचं वर्कशॉप झालं. एवढं सगळं हाताशी आल्यावर मग बस."

"निवडूनबी आला व्हता म्हने तो?"

"तीनदा खासदार. १९९६, ९८ आणि ९९, भाजपकडून. मधेच 'विजय कर्नाटक' नावाचं वर्तमानपत्र काढलं, ते टाइम्सवाल्यांना विकलं. पुन्हा 'विजयवाणी' काढलं. २०२० मध्ये पद्मश्री."

"बूड टेकत नाही म्हन त्या मानसाचं एका जागी." आक्कांना माणूस आवडलेला दिसला. "मंग बसमधी लई कमावलं असंन."

"खरी मेख तिथेच आहे. कंपनी २०१५ मध्ये शेअर बाजारात गेली. २०२२-२३ मध्ये बसचा धंदा तिच्यातून काढला आणि घरच्याच विजयानंद ट्रॅव्हल्सकडे दिला."

आक्का भिंतीवरून पार अलीकडे वाकल्या. "म्हंजे वाटन्या झाल्या? भाऊबंदकी?"

"नाही हो! धंद्यात बापलेकच, विजय आणि आनंद. वाटणी माणसांची नाही, धंद्याची झाली. बाजारातल्या कंपनीने मालवाहतुकीवरच भर द्यायचा, असं ठरलं."

आक्का जरा हिरमुसल्या. भाऊबंदकी निघाली असती तर गप्पा आणखी रंगल्या असत्या.

"अन् आपल्याकडं अशा घरच्या जुन्या कंपन्या कशा नाही वं? माहे सासरे सांगेत, पयले खाजगी मोटारी व्हत्या. भरल्याबिगर मोटार हाले नाही, डायवरची मर्जी."

"होत्याच. पण १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढे एकेक रूट सरकारने घेतला. थांब्याथांब्यावर उतारू घेत जायचा हक्क एसटीचा झाला. आजच्या ट्रॅव्हल्स चालतात त्या टुरिस्ट परमिटवर."

"ते जाऊ दे. मले एक सांग," आक्का आता शेतकरणीच्या आवाजात बोलू लागल्या. "आपली केयीची गाडी दिल्लीले जाते, तवा गाडीवाला पयले रिटर्नचं भाडं ईचारतो. ह्या बसचं रिटर्न काय?"

नेमकं बोट ठेवलं बाईंनी. दिवाळीच्या आधी पुण्याहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि तीच गाडी परत रिकामी पळते. भाऊबीज झाली की उलटं. एरवी शुक्रवारी तिकडून भरून, रविवारी इकडून भरून, मधल्या दिवशी बर्थ मोकळे. हप्ता, टॅक्स, विमा मात्र रोजचेच. गर्दीच्या दिवसांत कसर भरून काढावी म्हटलं, तर २०१८ पासून एसटीच्या दीडपटीवर भाडं घेता येत नाही.

"पायतं कोन?"

"ते आरटीओला विचारा. पण आक्का, रात्री गाडी लागते तेव्हा कधी डिक्की उघडी पाहिली? बामणोदची भरताची वांगी, पोराला पाठवलेलं कळण्याचं पीठ, पापडाचे डबे, पंपाचा सुटा भाग, दुकानदारांची खोकी. क्लीनर आत वाकून एकेक सरकवतो आणि बुकिंगवाला पावत्या फाडतो. तिकिटात डिझेल निघालं, तर हप्ता त्या डिक्कीतून निघतो. संकेश्वरांना हे आधी कळलं, म्हणून माल आधी आणि माणसं नंतर."

आक्का थोडा वेळ गप्प. मग पदर खोचून म्हणाल्या, "असं करते. त्याले म्हनते, वरसभर कोनाच्या बुकिंगच्या टपरीवर बस. पार्सलच्या पावत्या फाड. रातच्या दोनले घाटात गाडी बंद पडली, तर फोन कोन उचलतं ते पाह्य. मंग मी चेकवर सही करते."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर केयीचे कंद लावीन. वावर काही परमिट मांगत नाही!"