नाव खरवडू नये

आमच्या मुरबाडकडे लग्नघरात हळदीच्या आदल्या दिवशी गावभरची भांडी गोळा होतात. परत करताना घोळ नको म्हणून प्रत्येकावर मशीनने नाव टाकलेलं असतं. अशाच कुठल्याशा लग्नातून आमच्याकडे राहून गेलेला एक टोप आहे. त्यावर लिहिलंय, ‘मामांकडून सप्रेम भेट’. कुणाचे मामा, हे आता कुणालाच आठवत नाही. आईने त्यात तीस वर्षं भात शिजवला, शेजारणींना दिला, बूड गळायला लागलं तेव्हा पदरच्या पैशाने डाग देऊन आणला. नावाच्या जागी मात्र घासताना तिचा हात हलका पडायचा.

हा टोप मला परवा शहापूरला भाचीच्या लॅपटॉपमध्ये भेटला. ती बचत गटाच्या हिशेबाचं अ‍ॅप करतेय. ‘सगळं तूच लिहिलंस?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘छे हो मामा, मी नुसतं जोडलंय. बाकीचं लोकांनी फुकट ठेवलेलं असतं.’ बोलता बोलता ती ‘लायसन्स’ नावाच्या फाइली एकेक करून उडवत होती. का, तर त्यांच्याशिवाय चालतं. चालतं हे खरंच. नाव खरवडलेल्या टोपातही भात शिजतोच.

निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून मी एक फाइल वाचून काढली. एमआयटी परवाना म्हणजे जेमतेम पावणेदोनशे शब्द. घ्या, वापरा, बदला, विका. पैसे नकोत, विचारायलाही येऊ नका. फक्त हे पुढे कुणाला द्याल, अख्खं किंवा त्यातला मोठा तुकडा, तेव्हा मूळ हक्कदाराच्या नावाची ओळ आणि हा मजकूर सोबत जाऊ द्या. त्याखाली मोठ्या लिपीत दम: बूड गळलं तर आमच्या दारात यायचं नाही. (इंग्रजीत मोठी अक्षरं आहेत म्हणून बरं. मराठीत हे ओरडूनच सांगावं लागलं असतं.) अपाची परवान्याची २००४ची आवृत्ती जरा सासूच्या वळणाची. कुठल्या फाइलीत हात घातलात तेही लिहा म्हणते, आणि मूळ मालकाने ‘नोटिस’ ठेवली असेल तर तिच्यातली नावंही पुढे न्या म्हणते.

नावाचा सोस वाढला की काय होतं, तेही या मंडळींनी पाहून घेतलंय. बर्कले विद्यापीठाच्या जुन्या बीएसडी परवान्यात जाहिरातीतसुद्धा विद्यापीठाचा उल्लेख करण्याची अट होती. बाकीच्यांनी ती उचलली आणि विद्यापीठाच्या जागी आपापली नावं घातली. नेटबीएसडी या संगणकप्रणालीच्या १९९७च्या आवृत्तीत मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी ७५ वाक्यं मोजली. मला तर मुरबाड नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्सच दिसला: उत्सवमूर्ती कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे पाऊणशे. १९९९मध्ये बर्कलेने जाहिरातीची अट काढून टाकली. मूळ नाव राखण्याची ठेवली. फ्लेक्सवरून आठवलं, ‘एक टाइप’ या टंककारांच्या गटाने घडवलेला ‘मुक्ता’ हा टंक (फाँट) असाच खुला आहे. टंक पुढे वाटाल तर परवाना सोबत द्या, पण त्यात छापलेल्या लग्नपत्रिकेवर आमचं नाव नसलं तरी चालेल, असं त्याचा परवाना सांगतो. इतकं मोठं मन पत्रिकेत नाव राहून गेलेल्या एखाद्या काकांनी दाखवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

भाचीने फाइली परत आणल्या आणि अ‍ॅपच्या तळाशी एक पान केलं. ते कुणी उघडणार नाही, हे तिलाही माहीत आहे.

पुढच्या रविवारी आम्ही मुरबाडवरून वैशाखऱ्याला गेलो आणि नाणेघाट चढलो. वरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती गेल्यात, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण वर ब्राह्मीत कोरलेली सिमुकाची, नागनिकेची, सातकर्णीची नावं दोन हजार वर्षं टिकून आहेत. भाची म्हणाली, ‘मामा, इथे कोड उडाला आणि लायसन्स राहिलं!’

शेजारच्या भिंतीवर यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे. आपल्या आकड्यांची फार जुनी रूपं त्यात सापडतात, एवढी माझी ऐकीव विद्या मी तिला सांगितली. तिने ती भिंत बराच वेळ न्याहाळली. तिच्या अ‍ॅपमध्ये आकड्यांशिवाय दुसरं आहे काय?

‘आणि हे कुणी केलं, ते कुठे लिहिलंय?’ तिने विचारलं.