माल मालकाचा, ताडपत्री कुणाची?

ठाणे-बेलापूर रस्त्याला जिथे पूर्वी रसायनांच्या कारखान्यांचा वास यायचा, तिथे हल्ली डेटा सेंटरांची कामं चाललीयत. ऐरोली, रबाळे, महापे. बाहेरून बघाल तर खिडक्या नसलेलं गोडाऊन. पैसा भिंतींत नाहीच, पोटात आहे: जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, यूपीएस, चिलर. आणि या पोटातल्या मालाबाबत मालकलोकांना अलीकडे एक शहाणपण सुचलंय. हा माल ठेकेदाराने आणायचा नाही. आम्ही घेणार, त्याने फक्त बसवायचा.

कारणं आहेत, उगाच नावं ठेवू नयेत. कोविडनंतर या यंत्रांसाठीची रांग जगभर लांबली. ऑर्डर दिल्यापासून वर्ष, दीड वर्ष, ट्रान्सफॉर्मरला कधी त्याहूनही जास्त. आधी ठेकेदार नेमा, मग त्याने ऑर्डर द्यावी, मग वाट बघा, असं केलं तर इमारत तयार आणि आत पारवे. म्हणून बड्या क्लाउड कंपन्या ठेकेदार ठरायच्या आधीच कारखान्यांत नंबर लावून ठेवतात. ठेकेदार मालावर जो टक्का चढवतो तोही वाचतो. शिवाय इमारतीच्या बांधकामावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, यंत्रसामग्रीवरचं मिळू शकतं. बिल थेट मालकाच्या नावावर निघालं की लेखा विभागाला शांत झोप लागते. खरेदी विभाग खूश, लेखा विभाग खूश. ट्रेलर गेटवर येईपर्यंत सगळेच खूश.

ट्रेलर येतो रात्री, कारण दिवसा अवजड वाहनाला रस्ता मिळत नाही. चलनावर नाव मालकाचं, पत्ता साइटचा, आणि साइट ठेकेदाराच्या ताब्यात. गेटवरचा माणूस म्हणतो, आमची ऑर्डर नाही, सही कशी करू? मालकाचा माणूस बेंगळुरूला, झोपलेला. छोट्या हायड्रा क्रेनचा चालक आठलाच घरी गेलेला, आणि गेला नसता तरी हायड्राने उचलायचं हे वजनच नव्हे. मोठी क्रेन उद्या दुपारी. ट्रेलरचा खोळंबा-आकार मात्र आत्तापासून सुरू. शेवटी पहाटे कुणीतरी सही ठोकतो आणि खाली लिहितो: ‘पेटी बाहेरून पाहिली. आतलं माहीत नाही.’ पुढचं सगळं महाभारत या दोन वाक्यांवर लढलं जातं.

करार करणाऱ्यांनी हे ओळखलं नव्हतं असं नाही. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या करारनमुन्यात ४.२० हे कलम याचसाठी आहे. मालकाने दिलेला माल ठेकेदाराने डोळ्यांनी तपासावा, तूट किंवा मोडतोड दिसली तर लगेच कळवावं. त्यानंतर सांभाळ ठेकेदाराचा, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दोष मालकाच्या खात्यावर. आपला १८७२ चा करार कायदा तर त्याहून साधं बोलतो: दुसऱ्याचा माल ताब्यात घेतलात तर शहाणा माणूस तसल्या स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल, तितकी घ्या. फक्त त्या शहाण्या माणसाने अडीच एमव्हीएचा जनरेटर जुलैत महापेला उघड्यावर ठेवला असता की नाही, हे कायद्यात लिहायचं राहून गेलं.

कारण माल येतो जुलैतच. खोलीला अजून छत नाही, म्हणून स्विचगिअरचं पॅनेल अंगणात, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. वरचा पाऊस प्लॅस्टिक अडवतं आणि आतली वाफही बाहेर सोडत नाही. पॅनेलच्या पोटात हीटर असतो, तो चालू ठेवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याला तात्पुरती वीज हवी. वीज ठेकेदाराची, पॅनेल मालकाचं, युनिटचं बिल कुणाचं? पत्रव्यवहार चालू आहे, हीटर बंद आहे. यूपीएसच्या बॅटऱ्यांची तीच कथा. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी पंचवीस अंशांत ठेवली तरी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी लागते, आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या कंटेनरला पंचवीस अंश म्हणजे काय ते ठाऊकही नसतं. पंपांचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा, अशीही सूचना असते. ठेकेदार म्हणतो, फिरवणं माझ्या रेटमध्ये नाही. मालक म्हणतो, सांभाळ म्हणजे फिरवणं आलंच. पंप काहीच म्हणत नाही, तो जाम झालेला असतो.

हे सगळं साप्ताहिक बैठकीत येतं. इतिवृत्तात ‘जबाबदारी’ या रकान्यात लिहिलं जातं: ‘सर्व’. पुढच्या आठवड्यात तोच मुद्दा, तोच रकाना, तेच सर्व.

सहा महिन्यांनी पेटी उघडते आणि आत एक कोपरा चेपलेला निघतो. बोटीवर चेपला, ट्रेलरवर, की साइटवर कुणी टेम्पो लावताना? वाहतुकीचा विमा म्हणतो, माल पोचला तिथे आम्ही संपलो. साइटचा विमा ठेकेदाराने काढलेला, आणि त्यात मालकाच्या मालाची किंमत धरली होती का, हे त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं जातं. विमा कंपन्यांकडे अशा वेळेसाठी चक्क फिफ्टी-फिफ्टी नावाचं कलम असतं: नुकसान कधी झालं ते ठरत नसेल, तर दोन्ही पॉलिसींनी अर्धं-अर्धं सोसावं. प्रश्न न सोडवता उत्तर काढायची याहून प्रामाणिक पद्धत माझ्या पाहण्यात नाही. पेटी आल्या दिवशीच उघडून चार फोटो काढले असते तर? पॅकिंग फोडलं तर हमी जाईल, अशी भीती होती ना.

हमीचं तर विचारूच नका. व्हेंडरची नेहमीची अट: चालू केल्यापासून बारा महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून अठरा महिने, यातलं जे आधी संपेल ते. रांग लांब म्हणून मालकाने लवकर नंबर लावलेला, नंबर लागला म्हणून माल लवकर आलेला, आणि इमारत आपल्या गतीने रेंगाळलेली. जनरेटरला पहिला लोड मिळतो तेव्हा हमीने निवृत्तीचे कागद भरलेले असतात. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आणि माल उशिरा आला तर? तर मालकाचं रूपांतर होतं, ते बघण्यासारखं असतं. शिंप्याला कापड आपण द्यायचं म्हटलं की शर्ट आखूड का, याचं उत्तर शिंप्याकडे तयार असतं. इतकी वर्षं जो उशिराच्या दंडाचं कलम दाखवत टेबल आपटायचा, तो स्वतःच आपल्या ठेकेदाराचा सप्लायर झालेला असतो, आणि या सप्लायरला दंड लावायची सोय करारात नाही. उलट ठेकेदाराचं पत्र येतं: मुदतवाढ द्या, रिकाम्या बसलेल्या माणसांचे आणि क्रेनचे पैसे द्या. भाषा नम्र, आकडे नाहीत. शिवाय फाउंडेशनचा जुना झगडा आहेच. व्हेंडरचं ड्रॉइंग आधी मालकाकडे, मग सल्लागाराकडे, मग प्रकल्प व्यवस्थापन बघणाऱ्या पीएमसीकडे. ठेकेदाराच्या हाती येईस्तोवर काँक्रीट घट्ट झालेलं आणि बोल्टची भोकं दोन इंच बाजूला.

खरी गंमत बारीकसारीक वस्तूंची. चिलर मालकाने दिला, पाइप ठेकेदाराने आणला. दोघांना जोडणारा काउंटर फ्लँज कुणाचा? केबल ठेकेदाराची, पॅनेल मालकाचं. मधली टर्मिनेशन किट? चाचणीसाठी लोड बँक लावून जनरेटर तासन् तास पळवायचा, त्यात जळणारं डिझेल कुणी ओतायचं? कोट्यवधींचं यंत्र एका गॅस्केटसाठी महिनाभर थांबलेलं बघायचं असेल तर तिकीट काढावं लागत नाही, हेल्मेट पुरतं.

उपाय कुणाला माहीत नाहीत? ऑर्डर देण्याआधी एक कागद, त्यावर बोल्टपासून पहिल्या तेलापर्यंत प्रत्येक वस्तूसमोर एकेक नाव, ‘सर्व’ सोडून कुठलंही. हमी चालू केल्यापासून मोजायची, हे खरेदीच्या दिवशीच भांडून घेणं. पत्र्याची एक कोरडी शेड, तिला वीज, आणि शाफ्ट फिरवून वहीत तारीख लिहिणारा एक स्टोअरकीपर. पहिल्या बजेटात शेड आणि स्टोअरकीपर अशा दोन ओळी असतातसुद्धा. खर्चकपातीच्या बैठकीत सगळ्यात आधी त्याच उडतात. मग प्रत्येक पेटी कुठे आहे ते दाखवणारा डॅशबोर्ड विकत घेतात, आणि त्यावर ओलं झालेलं पॅनेल हिरव्या रंगात दिसतं: ‘पोचलं’.