बिल रस्त्याच्या नावावर

नगर जिल्ह्यात गाडीचा शॉकअप सहसा पकडला जात नाही, कारण त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला रस्ता कायम हजर असतो. विळद घाट उतरून राहुरीच्या दिशेनं लागलात, की गाडी खडखडते, दणकते, एखाद्या खड्ड्यात बुडाशी टेकते. आतले सगळे एकमतानं सरकारचा उद्धार करतात. गाडीवर संशय घ्यायला कुणाला सवडच नसते. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. खड्डे मात्र जुन्याच मुक्कामी आहेत. नगर-मनमाड रस्त्यासाठी जेवढी आंदोलनं झाली, त्यातली निदान काही शॉकअपच्या वाट्याची असणार, असा मला दाट संशय आहे.

मुळात धक्का सोसतो तो स्प्रिंग. शॉकअपचं काम त्याच्या नंतर सुरू होतं. स्प्रिंग म्हणजे मानपानावरून उसळलेले मावसोबा: एकदा उसळले, की कुणीतरी खांद्यावर हात ठेवेपर्यंत खाली बसायचे नाहीत. तो हात शॉकअपचा. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात दट्ट्या. चाक वरखाली झालं की तेलाला दट्ट्याच्या बारीक भोकांतून रेटून जावं लागतं, त्या रेटारेटीत उसळी जिरते आणि तिची उष्णता होते. सील झिजलं की तेल बाहेर झिरपायला लागतं आणि हात सैल पडतो. मावसोबा मग मांडवभर.

पण हे एका दिवसात होत नाही, हीच खरी अडचण. टायर पंक्चर झाला तर लगेच कळतं, बॅटरी गेली तर सकाळी सकाळी कळतं. शॉकअप मात्र इतक्या सावकाश जातो, की चालवणाऱ्याचं अंगच त्याच्याशी जुळवून घेतं. वळणावर गाडी जरा जास्त कलायला लागली, की माणूस आपोआप उलट्या बाजूला झुकतो. ब्रेक दाबल्यावर नाक जमिनीकडे जायला लागलं, की पाय चार हात आधीच दाबायला शिकतो. आणि हा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, ‘गाडी एकदम मक्खन आहे.’

माझे दाजी या पंथाचे. त्यांच्या गाडीत आत्याबाईंना अचानक गाडी लागायला लागली. जन्मभर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून भाकरी खाल्लेली बाई. तिला मळमळतंय म्हटल्यावर घरात चौकशी बसली. आळ आधी राहुरी कारखान्यावरच्या भज्यांवर आला, मग पित्तावर, शेवटी वयावर. खरं तर कडक धक्क्यांपेक्षा संथ, लांबलचक हेलकावा पोटाला जास्त ढवळतो. शॉकअप गेलेली गाडी नेमकी तशी झुलते. पण भजी समोर दिसतात, शॉकअप चाकामागे दडलेला असतो.

दुसरी खूण रात्रीची. समोरून येणारे ट्रकवाले दाजींना सारखे दिवे मारायचे. गाडीचं नाक वरखाली होत असल्यानं यांचा उजेड त्यांच्या डोळ्यांत लपकायचा. त्यांना वाटायचं, हा दिवे मारून काहीतरी सांगतोय. दाजींना वाटायचं, लोकांना माणुसकी राहिली नाही. घाटभर असा गैरसमज देत-घेत दोन्ही बाजू चालायच्या.

गंमत अशी, की याच नगरात डीआरडीओची व्हीआरडीई आहे, जिथे लष्कराच्या आणि इतरही गाड्यांचा कस लावतात. १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालय इथलंच. अर्जुन रणगाड्याला तर पोलादी स्प्रिंगच नाही. वायू आणि तेलाच्या जोरावर ते साठेक टनांचं धूड ओबडधोबड रानातून जातं. एवढी विद्या गावात असताना आम्ही मात्र ‘खड्डा होता हो’ एवढ्यावर प्रकरण मिटवतो.

दाजींचं बिंग फुटलं ते चांगल्या रस्त्यावर. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यानंतर कधीतरी दाजींनी कोपरगावहून गाडी वर घातली. मोटारींना ताशी १२० ची मुभा, समोर नुसतं काँक्रीट, एक खड्डा नाही. आणि गाडी लागली तरंगायला. पुलाचा सांधा आला की एकदा उडायची आणि पुढे बराच वेळ हो-हो म्हणत मान हलवायची. दोष द्यायला रस्ताच उरला नव्हता. दाजी शंभराच्या आत आले, मग ऐंशीच्या.

आमचे मिस्तरी बोलायला कंजूस. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन गाडी दोन-तीनदा दाबली आणि सोडली. धडधाकट गाडी एकदा वर येते आणि थांबते. दाजींची येतच राहिली. (ही परीक्षा पार मेलेला शॉकअप दाखवते, अर्धमेला तिच्यातून सुटून जाऊ शकतो.) मग त्यांनी दाजींचा तळहात धरून पुढच्या टायरवरून फिरवला. रबराला चढ-उतार, चढ-उतार; चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी नाचत राहिलं, की टायर असा ठिकठिकाणी खातो. शेवटी नळीवर बॅटरीचा उजेड टाकला. तेलावर नगरची धूळ बसून काळा, ओला चिखल झाला होता. नुसती तेलाची पुसट झाक असती तर मिस्तरींनी सोडून दिलं असतं. हा ओघळ होता.

“पण खटखट कुठं वाजत होतं?” दाजींचा शेवटचा बचाव.

“खटखट लिंक रॉडची असती, बुशची असती. शॉकअप गुपचूप मरतो.”

मग घासाघीस. ओघळ डावीकडे होता, तेव्हा दाजींचं म्हणणं, डावाच बदला. मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला. एका बाजूला नवा ताठ आणि दुसरीकडे थकलेला घातला तर ब्रेक दाबताना, वळताना गाडीचे दोन्ही खांदे सारखे वागत नाहीत. एका आसाचे दोन्ही बरोबरच बदलतात. दाजींना हे पटलं नाही, पण पाना परत हातात यायचं दुसरं लक्षण दिसेना. टायरचं काय, हे त्यांनी विचारायचं टाळलं. अलाइनमेंटचं मिस्तरींनी न विचारताच लिहिलं.

पुढच्या आठवड्यात आत्याबाईंना घेऊन राहुरी. तोच रस्ता, तेच खड्डे, परतताना तीच भजी, आणि मळमळ नाही. विळद घाट चढून झाल्यावर आत्याबाई समाधानानं म्हणाल्या, “रस्ता केलेला दिसतोय रे सरकारनं.”

“हो,” दाजी म्हणाले, “माझ्या पैशानं.”