पोचवणारे सर

हॉटेल मॅनेजमेंटची पोरं ट्रेनिंगसाठी दुबईला निघाली की सोबत एक सर निघतात. कागदावर ते समन्वयक. प्रत्यक्षात नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण.

आदिलाबादेत असे एक सर आमच्या शेजारीच राहतात. पोरं मोजतात तेलुगूत, रागावतात वऱ्हाडीत आणि व्हिसाचा विषय निघाला की थेट इंग्रजीत शिरतात. परदेशाचं त्यांना अप्रूप नाही. "1956 साली राज्यांची वाटणी झाली; किनवट, राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला गेलं, आपण इकडे राहिलो. आमच्या आजोबांचे निम्मे सोयरे बसल्या जागी परराज्यात गेले. दुबईचं काय सांगतो!"

निघायच्या आदल्या दिवशी सरांच्या ओसरीवर बॅगा उघडल्या जातात. "काऊन बे, दहावीचा मेमो घेतला का?" दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टला ईसीआरची, म्हणजे परदेशी कामाला जायच्या सरकारी मंजुरीची, भानगड राहत नाही, हे सरांनीच पोरांना शिकवलेलं. तरी मेमो, म्हणजे गुणपत्रिका, पाहिजे, त्याच्या तीन झेरॉक्सही पाहिजेत.

मग डबे. इथे सरांचा चेहरा कस्टमवाल्यासारखा होतो. दुबईत खसखस अमली पदार्थात मोडते आणि आपल्या आयांचा जीव नेमका अनारशांत. गेल्या खेपेला एक आई अडूनच बसली, "सर, पोराले घरचं गोड नको का?"

"पाहिजे ना, ताई. पण तुरुंगात नको."

जप्त झालेला माल टाकायचा कसा? अन्न आहे. हैदराबादच्या बसमध्ये निर्मळ येईस्तोवर सर एकेक अनारसा तोंडात टाकत राहतात आणि अधूनमधून मागे वळून पोरं मोजतात. बस चालू असताना कोण उतरणार, हे विचारायची सोय नाही.

बसमध्ये कायद्याचा तासही होतो. व्हिजिट व्हिसावर काम करायचं नाही. मालकाने पासपोर्ट मागितला तर द्यायचा नाही, तिथल्या कायद्यानेच त्याला तो ठेवून घेता येत नाही. "आपला पासपोर्ट आपल्यापाशी!" सर ठणकावतात. त्या वेळी सगळ्यांचे पासपोर्ट सरांच्या गळ्यातल्या पिशवीत असतात. झोपेतही पिशवीवर हात.

दुबईत पोचल्यावर सर आधी राहायच्या खोलीतले नळ सोडून बघतात, मग गाद्या दाबतात. नंतर हॉटेलच्या किचनमध्ये ओळखीचं माणूस शोधतात. करीमनगरचा, जगत्यालचा कुणीतरी सापडतोच. त्याच्या हाती पोरगं सोपवायचं, "तिखट कमी पडलं तर बोलत नाही हा, तुम्हीच बघा." एकदा तर पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्टभर सर लॉबीत पेपर धरून बसले होते. शेवटी सिक्युरिटीवाल्याने अदबीने रूम नंबर विचारला.

घड्याळ मात्र ते भारताच्याच वेळेवर ठेवतात. दुबई आपल्या दीड तास मागे, पण आयांचे फोन इकडच्या वेळेने येतात, "जेवला का माझा?" सर सांगतात, "जेवला." पोरगं तेव्हा कुठे कांदा चिरत असतं.

सर परत येतात तेव्हा पिशवी रिकामी असते आणि स्वभाव चिडका. चार दिवस कॉलेजात कुणी समोर उभं राहत नाही. तिकडून पहिल्या पगाराचा फोटो आला, की सर तो आम्हा शेजाऱ्यांना दाखवत गल्लीभर फिरतात, स्वतःचीच बढती झाल्यासारखे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर निघते आहे. आयांनो, चिवडा द्या, शंकरपाळे द्या, शेव द्या. अनारसे तेवढे देऊ नका. सरांना शुगर आहे.